गोरहॅमची ‘चँटिली’ : वापरलेली अमेरिकन स्टर्लिंग कटलरी घेण्याआधी

जुनी अमेरिकन चांदी जमवायला नव्याने सुरुवात करत असाल तर पहिला संच गोरहॅमच्या चँटिलीचा घ्या, आणि घेताना एकाही नगाला दयामाया दाखवू नका. ही नक्षी १८९५ मध्ये बाजारात आली. अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या स्टर्लिंग (म्हणजे ९२.५ टक्के चांदीच्या) नक्ष्यांमध्ये तिचं नाव कायम वर असतं. माल इतका मुबलक आहे की झिजलेला चमचा, कातरलेला काटा किंवा ढिली सुरी ‘जुनी आहे, चालायचंच’ म्हणून पदरात पाडून घेण्याचं काही कारणच नाही. दुर्मीळ नक्षीत तडजोड करावी लागते. चँटिलीत तडजोड करणारा फक्त पैसे घालवतो. पुढचं सगळं परीक्षण याच निकषावर केलं आहे.

गोरहॅम ही ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्सची कंपनी. जाबेझ गोरहॅम यांनी १८३१ मध्ये सुरू केली तेव्हा तिचा मुख्य माल म्हणजे चमचे. पुढे त्यांचा मुलगा जॉन याने वाफेवर चालणारी ठोक्याची यंत्रं बसवली आणि हातघडणीचा धंदा कारखान्याचा झाला. संग्राहकाच्या दृष्टीने ही गोष्ट फार कामाची आहे. चँटिलीचा प्रत्येक चमचा पोलादी साच्यात ठोकून काढलेला आहे, त्यामुळे नक्षीची खोली आणि कडा मुळात सारख्याच असतात. एक कोरा, न वापरलेला नग हाताशी ठेवला की बाकीचे किती झिजलेत हे शेजारी धरून लगेच कळतं. हातघडणीच्या मालात असा ताळा करताच येत नाही.

नक्षी विल्यम ख्रिसमस कॉडमन यांची. ते १८९१ मध्ये इंग्लंडहून गोरहॅमकडे आले. पुढे ‘मार्तले’ नावाची ९५० टंचाची (हजारात ९५० भाग चांदी असलेली), हाताने ठोकून घडवलेली भांडी त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. ती आज संग्रहालयांत आणि मोठ्या लिलावांत दिसतात. चँटिली त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची, रोज जेवायला घ्यायची वस्तू. फ्रेंच रोकोको शैलीची, नाजूक वळणावळणाची नक्षी कडेने फिरते, टोकाला शिंपल्याच्या घाटाचा उठाव आहे आणि दांडीचा मधला भाग सपाट सोडलेला आहे. या सपाट भागातच कॉडमन यांची समज दिसते. अंगभर नक्षी असलेल्या कटलरीत काळं साचतं, साफ करायला वेळ लागतो आणि डोळाही थकतो. चँटिलीत उजेड त्या सपाट पट्ट्यावर पडतो आणि कडेची वेलबुट्टी उठून दिसते. साध्या पांढऱ्या ताटाशेजारी ती शोभते, नक्षीदार चिनी मातीच्या ताटाशेजारीही.

ठसे कसे वाचायचे

अमेरिकेत इंग्लंडसारखी, चांदीचा कस तपासून ठसा देणारी सरकारी कसोटी-कचेरी नव्हती. बाल्टिमोर शहरात १८१४ ते १८३० या काळात तेवढी एक होती. त्यामुळे अमेरिकन चांदीवरचा ठसा म्हणजे कारागिराने किंवा कंपनीने दिलेला शब्द. खोट्या ठशांना आळा घालणारा केंद्रीय कायदा १९०६ मध्ये झाला, आणि कसाच्या ठशासोबत कंपनीची खूण हवीच ही अट १९६१ च्या दुरुस्तीने आली. गोरहॅमने मात्र १८६८ पासूनच स्टर्लिंगचा कस धरला होता: हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. त्याआधीची बरीच अमेरिकन चांदी ‘कॉइन’ म्हणजे ९०० टंचाच्या आसपासची असे.

चँटिलीच्या दांडीची मागची बाजू दहापट भिंगाखाली धरा. जुन्या नगावर तीन छोटे ठसे ओळीने दिसतात: चालणारा सिंह, जहाजाचा नांगर आणि जुन्या वळणाचं इंग्रजी जी अक्षर. शेजारी ‘स्टर्लिंग’ हा शब्द. काही नगांवर ‘पॅट. १८९५’ असंही असतं. ते नक्षीच्या पेटंटचं वर्ष आहे, चमचा घडवल्याचं नव्हे. विक्रेते अनेकदा ते घडणीचं वर्ष म्हणून सांगतात. कधी एखाद्या शहरातल्या सराफी दुकानाचं नावही ठोकलेलं असतं. तो माल त्या दुकानातून विकला गेला एवढाच त्याचा अर्थ, बनवणारी कंपनी गोरहॅमच. नंतरच्या, साधारण विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या मालावर तीन चित्रं जातात आणि नुसतं ‘गोरहॅम स्टर्लिंग’ उरतं. बाजारात यांना ‘जुना ठसा’ आणि ‘नवा ठसा’ म्हणतात, आणि जुन्याला थोडा जास्त भाव मिळतो.

सिंह आणि नांगर पाहून हा माल इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आहे असं वाटू शकतं, कारण तिथल्या कसोटी-कचेरीची खूणही नांगरच. फरक असा की इंग्लंडचा सिंह डावीकडे चालतो आणि चँटिलीच्या काळातला गोरहॅमचा सिंह उजवीकडे. शिवाय ‘स्टर्लिंग’ हा शब्द अक्षरांत लिहिण्याची अमेरिकन पद्धत ठळक दिसते.

वर्षाची खूण शोधत बसू नका. गोरहॅमने चहादाण्या, ट्रे, वाडगे अशा मोठ्या भांड्यांवर वर्षाच्या खुणा ठोकल्या: १८६८ ते १८८४ पर्यंत ए ते क्यू ही अक्षरं, आणि १८८५ ते १९३३ पर्यंत दरवर्षी वेगळं छोटं चित्र. काट्या-चमच्यांवर ती पद्धत सहसा नाही. चँटिलीचा चमचा नेमक्या कुठल्या वर्षाचा हे ठामपणे सांगणाऱ्या विक्रेत्याला पुरावा विचारा.

झीज : काटा हातात घेऊन

काटा टेबलावर पालथा न ठेवता डोळ्यांच्या रेषेत धरा, दाते समोर. चारही दात्यांची टोकं एका सरळ रेषेत यायला हवीत आणि त्यांच्यातली फट खालपासून वरपर्यंत सारखी दिसायला हवी. ताटावर घासून घासून काट्याचा एका कडेचा दाता आधी झिजतो. जेवणारा काटा रोज त्याच बाजूने टेकवतो म्हणून असं होतं. दाते असमान दिसू नयेत म्हणून काही जण चारही दाते एका मापात कापून पुन्हा गोल करतात. मग रेष सरळ दिसते, पण काटा आखूड होतो. म्हणून पट्टीने मोजा. कोऱ्या काट्यापेक्षा तीन मिलिमीटर कमी भरला तर तो कापलेला आहे असं समजा. कापलेल्या दात्याची टोकं बोथट आणि जाड असतात, मूळ टोकं निमुळती.

दाते वाकले असतील तर हरकत नाही, कारागीर सरळ करून देतो. पण दाते जिथून फुटतात त्या मुळाशी बारीक तडा आहे का ते भिंगातून पाहा. चांदी वारंवार वाकवली की कडक होते आणि तिथेच चिरते.

चमच्याची वाटी उजेडासमोर धरून कडेवरून बोट फिरवा. टोकाची एक बाजू पातळ आणि चपटी लागली तर ती पातेलं-वाटी खरवडून झालेली झीज आहे. ही परत भरून येत नाही. पुढची तपासणी खास अमेरिकन मालासाठी: तिथल्या स्वयंपाकघरात सिंकखाली उष्टं दळणारं यंत्र बसवलेलं असतं. चमचा त्यात पडला की वाटीच्या कडेवर आणि दांडीवर आडव्यातिडव्या खाचा पडतात, चावल्यासारख्या. अशा नगांचे गठ्ठे लिलावात स्वस्तात निघतात. पॉलिश करून खाचा गुळगुळीत करता येतात, पण वाटीचा घाट गेलेला असतो. चँटिलीत असा चमचा मोडीच्या भावानेसुद्धा घेऊ नये, कारण पुढे विकताना त्याला मोडीचाच भाव येतो आणि त्यातून दलाली वजा होते.

नक्षीची झीज पाहायची तर शिंपल्याच्या उठावातल्या बारीक रेघा पाहा. कोऱ्या नगात त्या स्पष्ट उमटलेल्या असतात आणि खोलगट भागात मुद्दाम राखलेली काळसर छटा असते. पॉलिशच्या चाकावर वारंवार धरलेल्या नगात रेघा वितळल्यासारख्या दिसतात आणि सगळीकडे आरशासारखी एकच चमक असते. नवखा ग्राहक नेमका या चमकीला भुलतो. फोटोत जो चमचा सगळ्यात जास्त चकाकतोय तो शेवटी तपासा.

मधल्या सपाट भागावर कोरलेली आद्याक्षरं बहुतेक जुन्या संचांवर असतात. तीन अक्षरांत मधलं मोठं असेल तर ते आडनावाचं. आद्याक्षरं असली की भाव उतरतो, आणि माझ्या मते ही संग्राहकासाठी चांगली संधी आहे. कोरीव काम स्वच्छ असेल तर तो नग बिनधास्त घ्या. टाळायचा तो आद्याक्षरं घासून काढलेला नग. तो ओळखायला दांडीवर तोंडाची वाफ सोडा, पुसटशी अक्षरं क्षणभर उमटतात. नाहीतर दांडी तिरपी धरून खिडकीचं प्रतिबिंब पाहा. सपाट भागावरून जाताना ते मध्येच वाकलं तर तिथे चांदी खरवडलेली आहे. अशी दांडी पातळ झालेली असते आणि त्याच ठिकाणी वाकते.

सुऱ्या : संचाचा कच्चा दुवा

काटे आणि चमचे भरीव चांदीचे. सुरीची गोष्ट निराळी. मूठ म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्याचे दोन अर्धे डाख लावून जोडलेले, आत राळ किंवा सिमेंटसारखं भरण, आणि पातं पोलादाचं. म्हणून सुरीवर ‘स्टर्लिंग हँडल’ असं लिहिलेलं असतं, नुसतं ‘स्टर्लिंग’ नाही. सगळ्यात जुन्या सुऱ्यांची पाती चांदीचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाची आहेत. मुलामा गेला की ती गंजतात. स्टेनलेसची पाती १९२० च्या दशकापासून रुळली. जुन्या मुठीत नवं स्टेनलेस पातं बसवून घेतलेल्या सुऱ्या बाजारात भरपूर आहेत. रोज वापरायच्या असतील तर त्या उत्तमच, फक्त विक्रेत्याने तसं सांगायला हवं.

सुरी कानाजवळ धरून हलवा. आत खडखड झाली तर भरण सुटलेलं आहे. पातं आणि मूठ दोन हातांनी धरून हळूच पिळा, जराही हललं तर नको. याचं कारण बहुतेक वेळा डिशवॉशर. गरम पाण्याने राळ मऊ होते, आत शिरलेलं पाणी फुगतं आणि मुठीची शिवण उकलते. शिवण मुठीच्या कडेने सरळ खाली जाते. नखाने चाचपून पाहा. मुठीला आलेला पोचा बाहेर काढणं जवळजवळ अशक्य, कारण आत हत्यार घालायला जागाच नसते. सुटलेलं पातं पुन्हा बसवून मिळतं, तेवढी दुरुस्ती माफक खर्चात होते.

मापांकडेही लक्ष द्या. चँटिलीचे काटे-सुऱ्या लंच आणि डिनर अशा निरनिराळ्या मापांत मिळतात. लंचचा काटा साधारण सात इंचांचा, मोठे साडेसातच्या पुढचे. लंचची सुरी नऊ इंचांच्या आतबाहेर, डिनरची साडेनऊच्या वर. संच सुटे नग जोडत करत असाल तर पहिल्याच दिवशी एक माप ठरवा. विक्रेत्याने लिहिलेल्या नावावर भरवसा न ठेवता लांबी विचारा, कारण एकाच मापाला तीन दुकानं तीन नावं देतात. पात्याचा आकारही दोन-तीन तऱ्हांचा असतो, टोक बोथट की वळणदार हे फोटोत पाहून घ्या. मिसळलेल्या मापांचा संच टेबलावर मांडला की लगेच डोळ्यांत खुपतो.

वजन, टंच आणि भाव

सराफाकडे जुन्या भांड्याची किंमत करताना जसा विचार करतो तोच इथेही: चांदीची किंमत वेगळी, घडणावळ आणि मागणी वेगळी. चांदीचा आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसात असतो, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. घोटाळा होतो तो सुऱ्यांमुळे.

समजा बारा जणांचा संच आहे: बारा छोटे चमचे, बारा लंचचे काटे, बारा सॅलडचे काटे आणि बारा सुऱ्या. पहिल्या ३६ नगांचं वजन १,३५० ग्रॅम भरलं. त्यात शुद्ध चांदी १,३५० गुणिले ०.९२५ म्हणजे सुमारे १,२४९ ग्रॅम, अर्थात ४० औंस. सुऱ्यांचं एकूण वजन ७५० ग्रॅम भरलं तरी त्यातलं बरंचसं पोलाद आणि राळ. मोठ्या सुरीच्या मुठीत चांदी अर्ध्या ट्रॉय औंसाच्या आसपास धरून चालावं, म्हणजे बारांची सहा औंस स्टर्लिंग, शुद्ध चांदी साडेपाच. एकूण साडेपंचेचाळीस औंस. आता विक्रेत्याने ‘२,१०० ग्रॅम स्टर्लिंग’ असं एकच वजन लिहिलं आणि तुम्ही सरळ ०.९२५ ने गुणलंत तर हिशेब ६२ औंसांवर जातो. सोळा-सतरा औंस नसलेल्या चांदीचे पैसे! म्हणून सुऱ्या सोडून वजन मागा. विक्रेता देत नसेल तर तो सौदा सोडा.

जुन्या काळी एकच चमचा कमी-जास्त वजनात काढण्याची पद्धत होती, आणि ग्राहक डझनाच्या वजनावर माल घ्यायचा. त्यामुळे दोन जुने, न झिजलेले, एकाच लांबीचे चमचे वजनात वेगळे निघाले तर दचकू नका. हातात घेतल्यावर जड नग लगेच ओळखू येतो. पर्याय असेल तर जडच घ्या.

भावाला चांदीचा तळ आहे, हे या छंदाचं बळ आणि धोकाही. जानेवारी १९८० मध्ये हंट या धनाढ्य अमेरिकन बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली तेव्हा अमेरिकेतल्या घरांतली कितीतरी कटलरी भट्टीत गेली. भाव चढला की आजही तेच होतं, आणि आधी वितळतात ते आद्याक्षरं असलेले साधे चमचे.

टंचाची खात्री करायला लोहचुंबक पुरेसं नाही. पितळ, तांबं आणि जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) यांनाही ते चिकटत नाही, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी औषधालाही नसते. घरी करण्यासारखी खरी कसोटी घनतेची. नग ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वजनकाट्यावर तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला किंवा कडेला न लागू देता लटकवा. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे त्याने बाजूला सारलेलं पाणी. ५० ग्रॅमच्या चमच्याला तो ४.८ च्या आसपास आला तर घनता १०.४, म्हणजे स्टर्लिंगशी जुळते. ५.७ किंवा ५.८ आला तर मुलामा दिलेला मिश्रधातू. पोकळ मुठीच्या सुरीवर ही कसोटी चालत नाही. भारतातल्या सराफाकडच्या कॅरटोमीटरने (क्ष-किरणांनी कस मोजणाऱ्या यंत्राने) आकडा लगेच मिळतो, पण ते यंत्र वरचा थरच वाचतं. जाड मुलामा त्याला फसवू शकतो.

मुलाम्याच्या मालाबद्दल थोडक्यात. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हा मुलाम्याच्या कटलरीचा छाप आहे, १८४७ हे त्या चमच्याचं वर्ष नव्हे. ‘ए वन’, ‘ट्रिपल’, ‘क्वाड्रुपल प्लेट’, ‘ई.पी.एन.एस.’ हे सगळे मुलाम्याचेच ठसे. ‘सिल्व्हर सोल्डर्ड’ लिहिलेला हॉटेलचा माल म्हणजेही मुलामाच. मेणबत्तीच्या स्टँडवर ‘वेटेड’ किंवा ‘रीइन्फोर्स्ड’ असेल तर बाहेर चांदीचा पातळ पत्रा आणि आत भरण आहे, त्याचं वजन धरू नका.

पुन्हा घडवलेले नग

चँटिलीत बनावट ठसा क्वचित. खरा उपद्रव आहे तो खऱ्या नगाचं रूप बदलण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन कंपन्या एकेका नक्षीत कितीतरी प्रकारचे नग काढत: ऑयस्टरचा काटा, आइस्क्रीमचा काटा, टोमॅटोचा झारा, शतावरीचा काटा, चीजचा चमचा, सार्डिनचा काटा. ही संख्या इतकी वाढली की १९२० च्या दशकाच्या मध्यावर हर्बर्ट हूवर वाणिज्यमंत्री असताना एका नक्षीत ५५ पेक्षा जास्त प्रकार काढू नयेत अशी मर्यादा घालण्यात आली. आज हे आडवळणाचे नग साध्या चमच्यापेक्षा कितीतरी महाग जातात, आणि म्हणूनच साध्या चमच्याला दाते कापून त्याचा आइस्क्रीमचा काटा करतात, किंवा मोठ्या चमच्याला भोकं पाडून झारा म्हणून विकतात.

ओळखायचं कापलेल्या कडेवरून. मूळ नगाच्या दात्यांच्या कडा साच्यातून आलेल्या आणि मग गोल केलेल्या असतात. नंतर कापलेल्या कडा चौकोनी, आतून करवतीच्या रेघा असलेल्या. भोकांच्या कडा बोटाला टोचतात. झाऱ्याच्या भोकांना मूळ मालात नक्षीचा क्रम असतो, नंतर पाडलेली भोकं ड्रिलची, गोल आणि एकसारखी. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या सुरीच्या मुठीत नवीन स्टेनलेसचा केक-झारा, चीजची सुरी किंवा पिझ्झा कापायचं चाक बसवणं. ‘कस्टम मेड’ लिहून विकलं तर व्यवहार सरळ आहे आणि वस्तूही उपयोगी, पण पुराणवस्तूचा भाव देऊ नये.

मिठासाठीचे, अंड्याचे आणि आइस्क्रीमचे जुने चमचे वाटीत सोन्याचा पातळ मुलामा घेऊन येतात, कारण मीठ चांदीला खातं आणि अंड्यातलं गंधक तिला काळं पाडतं. तो मुलामा मध्यभागी थोडा विरळ झालेला असणं स्वाभाविक. अगदी ताजा, पिवळाधमक दिसला तर तो नव्याने चढवलेला आहे.

याच तोलाच्या दुसऱ्या नक्ष्या

गोरहॅमचीच ‘स्ट्रासबर्ग’ (१८९७) जास्त भरगच्च. रीड अँड बार्टनची ‘फ्रान्सिस द फर्स्ट’ (१९०७) फळांच्या घोसांनी भरलेली. देखणी आहे पण तिच्या खाचांत पॉलिश अडकून पांढरं राहतं आणि टूथब्रश घेऊन बसावं लागतं. वॉलेसची ‘ग्रँड बरोक’ १९४१ ची, तिला पुराणवस्तू म्हणणं चूक. टिफनीची ‘क्रिसॅन्थिमम’ १८८० ची, अंगाने जड, घडण अप्रतिम, आणि किंमत नवख्याच्या आवाक्याबाहेरची. बाल्टिमोरच्या कर्कचं उठावाचं काम १८२८ पासूनचं, पण त्याचे पॅटर्न लांबलचक काळ चालू राहिल्याने वयाची पारख अवघड. रोज वापरायची, बदली नग सहज मिळणारी आणि साफ करायला सोपी अशी यांतली एकच: चँटिली.

बदली नग सहज मिळणं म्हणजे काय हे नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या रिप्लेसमेंट्स लिमिटेड या सुटे जुने नग विकणाऱ्या कंपनीच्या यादीवर नजर टाकली की कळतं. हरवलेला एक चमचा तिथे नक्षीच्या नावाने शोधता येतो. भाव किरकोळीचा असतो, म्हणून तिथून शेवटचे दोन-चार अडलेले नग घ्यावेत, अख्खा संच नव्हे. अख्खा संच गावच्या लिलावात किंवा घरसामानाच्या विक्रीत घ्यावा. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स भागातल्या मराठी मंडळींना मे, जुलै आणि सप्टेंबरात भरणारा ब्रिमफील्डचा जुन्या वस्तूंचा बाजार जवळ आहे. तिथे भिंग, पट्टी आणि छोटा वजनकाटा खिशात ठेवून जावं, आणि सुऱ्या बाजूला काढून वजन करू देता का हे आधी विचारावं.

सांभाळायचं कसं

वापरा. रोज वापरलेली चांदी कमी काळवंडते, आणि वापराने पडणाऱ्या बारीक ओरखड्यांचा एकसंध मऊ पोत येतो तो कुठल्याही चाकावर मिळत नाही. आमटी-वरणाला गोल वाटीचा क्रीम सूपचा चमचा फार सोयीचा पडतो. लोणच्याच्या बरणीत चमचा ठेवून देऊ नका; मीठ आणि आंबट एकत्र आलं की बारीक खड्डे पडतात आणि ते पॉलिशने जात नाहीत. कोशिंबीर वाढून झाली की चमचा धुवा.

कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच मऊ फडक्याने कोरडं. सुऱ्या पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत. आपल्याकडे देवाची भांडी विभूतीने, रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासायची सवय आहे. या तिन्हींनी ओरखडे उठतात, चँटिलीच्या सपाट पट्ट्यावर तर ते लगेच दिसतात. चांदीसाठीचं मऊ पॉलिश कापसावर घेऊन दांडीच्या लांबीने चोळा, गोलगोल नको. अॅल्युमिनियमचा कागद आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती काळपट थर झटक्यात काढते, पण खाचांतली छटाही नेते आणि नग निस्तेज पांढरा दिसतो. त्या पाण्यात सुरी बुडवली तर मूठही सुटायची. बाटलीतल्या आम्लयुक्त द्रावाबद्दलही हेच.

गठ्ठा बांधायला रबरबँड अजिबात नको. रबरातल्या गंधकाची काळी रेघ इतकी खोल उतरते की वर्षानुवर्षं राहते. वर्तमानपत्रातही गुंडाळू नका. चांदीचे कण विणलेलं तपकिरी ‘पॅसिफिक क्लॉथ’ मिळतं, त्याच्या पिशव्या उत्तम. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पिशवीसोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती पावसाळ्यात बदलावी.

दुरुस्तीला देताना कारागिराला एकच गोष्ट बजावून सांगा: डाख चांदीचाच लावायचा, शिशाचा किंवा कथलाचा नाही. शिसं लागलेला नग पुढे कधी तापवला की ते चांदीत उतरतं आणि भोकं पडतात. जुन्या नगावर करड्या, मऊ डाखाचा ठिपका दिसला तर तो घेऊच नका.

भारतात आणणार असाल तर बॅगेजच्या नियमांत दागिने सोडून इतर चांदीला साध्या सामानाची शुल्कमाफी लागू धरू नका. दर आणि मर्यादा बदलत असतात, निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहा, बिल सोबत ठेवा आणि विमानतळावर स्वतःहून सांगा. परत अमेरिकेला नेण्याचा विचार असेल तर आणल्याची पावती जपा, कारण शंभर वर्षांपुढच्या वस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी आठ जणांचे काटे आणि छोटे चमचे, जुन्या ठशाचे, एकाच मापाचे. मग सूपचे चमचे आणि सॅलडचे काटे. लोण्याच्या सुऱ्या भरीव दांडीच्या घ्या, पोकळ मुठीच्या नकोत. वाढायचे मोठे चमचे आणि मांसाचा काटा त्यानंतर, त्यांच्यावर झीज कमी असते आणि घाईही नसते. मोठ्या सुऱ्या सगळ्यात शेवटी, स्टेनलेस पात्याच्या, आणि शक्यतो एकाच घरातून आलेल्या सगळ्या एकत्र.